न शिवलेला कापूस
सुताराकडच्या भुशाचा वास आला की मला परंदवडीजवळची ती प्रयोगशाळा आठवते, जिथे आम्ही भुसा अंथरलेल्या पिंजऱ्यांत हातपाय हळूहळू लुळे पाडणाऱ्या आजाराचे उंदीर सांभाळायचो. घरटं करायला संध्याकाळी दिलेला कापूस उंदीर रात्रीत पिंजून टाकतात, पण एका पिंजऱ्यात तो सकाळीही जसाच्या तसा होता, आणि उंदीर तर चांगला पळत होता. मला पिंजरे झाडणाऱ्या मावशींचाच संशय आला. “मावशी, कापूस आत्ताच टाकलात ना?” “न्हाई वो, कालच टाकलाय. खोटं वाटत आसंल तर बसा की राखणीला!” मी त्या रात्री बसले. उंदीर कापूस तुडवत गेला आणि उघड्या कोपऱ्यात कुडकुडत बसला. पाय चालत होते; कापूस ओढून घ्यायचं सुचणंच आधी गेलं होतं. आता तोच आजार माझ्या नवऱ्याला आहे. डॉक्टर म्हणतात, डोकं शाबूत राहतं. हात अजून चालतात त्याचे. पण काल पायाशी चादर असून तो कुडकुडत बसला होता, आणि ती त्याच्या अंगावर घालायची सोडून मी दारातून राखण करत होते.