सुनेचा श्वास आणि दिडकीचा पाढा

माझा स्वभाव संशयी आहे. भगत असो, डॉक्टर असो, नात्यातलं माणूस असो, माझा चटकन विश्वास बसत नाही. देवीवर होता, तोही बेताचाच. नवरात्रात आमच्या कासार आंबोलीच्या घरी घट बसतात. गेल्या वर्षी सुनेने नुसत्या पाण्यावर उपवास धरले. तिला साखरेचा आजार, रोज इन्सुलिनची सुई. पोटात अन्नच नाही तर सुई कशाला, असं स्वतःच ठरवून तिने सुईही बंद केली. हे मला नंतर कळलं.

चौथ्या माळेला दुपारी आरती चालू असताना ती घुमायला लागल्यासारखी झाली. खोल, जोरजोरात श्वास, सुटलेले केस, अर्धे मिटलेले डोळे. बायकांनी तिचा मळवट भरला. माझी जाऊ ओरडली, "आक्का, देवी आलीय, पाया पडा!"

मी जवळ गेले. तिच्या तोंडाला सडक्या पेरूसारखा वास येत होता.

"देवीच्या तोंडाला असला वास येतो व्हय गं? गाडी काढा."

जाऊ ते अजून मनात धरून आहे.

पिरंगुटच्या दवाखान्यात तरुण डॉक्टरीणबाईंनी मनगटातून, नाडीवरून रक्त घेतलं. दंड सोडून मनगट कशाला? मी विचारलंच.

"आजी, हिच्या रक्तात आम्ल साठलंय. ते कमी करायला शरीर श्वासावाटे कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतंय. म्हणून हा जोराचा श्वास. तो पुरेसा आहे का, ते या रक्तात कळतं."

"कसं कळतं?"

"बायकार्बोनेट सहा आलंय. त्याची दीडपट करायची आणि आठ मिळवायचे. कार्बन डायऑक्साइड त्याच्या आसपास हवा. एक-दोन इकडेतिकडे चालतात."

मी चौथीपर्यंत शिकले. गुरुजी छडी घेऊन दिडकी म्हणवून घ्यायचे. सहा दिडं नऊ, आठ मिळवले, सतरा.

"कागदावर किती हाय?"

"सतरा," त्या हसल्या. "परीक्षा घेताय का माझी?"

"घ्यायला नको व्हय? सून माझी हाय."

सलाइन, इन्सुलिन सुरू झालं. काही वेळाने तिचा श्वास हळू झाला. मुलाने तिच्या कपाळाला अंगारा लावला होता. तो रडायलाच लागला, "आई, देवी पावली!" सगळ्यांनी हात जोडले. माझे जोडले जाईनात. श्वास शांत, पण हाक मारली तर ती डोळे उघडेना. मी डॉक्टरीणबाईंना बोलावलं. त्यांनी पुन्हा मनगटातून रक्त घेतलं आणि म्हणाल्या, घशात नळी घालून श्वासाच्या मशीनवर घ्यावं लागेल.

मुलगा उसळला. "आता कुटं बरी व्हायला लागली, न् मशीन? मी सही करणार न्हाई."

संशय मलाही आला. मी विचारलं, "ते बायकार्बोनेट आता किती?"

"अजून सहाच."

"आन् दुसरं?"

"अठ्ठावीस."

हवं होतं सतरा. आम्ल तेवढंच होतं आणि ते बाहेर टाकणारी छाती दमली होती. आम्ही जिला शांत झाली म्हणत होतो, ती हरत चालली होती. मी मुलाला म्हटलं, "सही कर. हिशोब बरोबर हाय."

सुनेला आत नेलं, दार बंद झालं. एरवी मी देवीला नवस बोलते, म्हणजे सौदाच करते. त्या दुपारी देण्यासारखं काही सुचेना. भिंतीला टेकून एवढंच म्हटलं, "बाई, माझी अक्कल इथं संपली. आता तू बघ." मग तिथंच खाली बसले. पुढचा आकडा विचारायला उठले नाही. का उठले नाही, मला सांगता येणार नाही.

पुढे नळी निघाली. सून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आत्या, भूक लागलीय." मी तांदळाची पेज घेऊन आले आणि चमच्याने भरवली.

त्या दाराबाहेर माझ्या हातात काही उरलं नव्हतं, तेव्हा कुणीतरी तिला सांभाळलं. ती देवी होती, डॉक्टरीण होती, की दोघी, हे मी कुणाला विचारलं नाही. कोथिंबिरीची जुडीसुद्धा मी सोडून बघितल्याशिवाय घेत नाही. हे मात्र जसं दिलं तसं पदरात घेतलं, आणि हात जोडले.