थिंग म्हणजे गावकी

महाडच्या हायस्कुलात आमचे इंग्रजीचे मास्तर कधीकधी एका शब्दावर अख्खा तास घालवत. एकदा त्यांनी फळ्यावर लिहिलं, 'थिंग'. मी मनात म्हटलं, यात काय शिकवणार? वस्तू! पण मास्तर म्हणाले, "फार पूर्वी याचा अर्थ होता सभा. माणसं एकत्र बसून तंटे सोडवत, ती थिंग. मग सभेपुढचं प्रकरण, मग कुठलीही बाब, आणि शेवटी वस्तू." जर्मन लोक 'डिंग' म्हणतात, आणि युरोपात उत्तरेकडच्या काही देशांत कायदेमंडळाला अजून 'टिंग'च म्हणतात. आपल्या 'गोष्टी'चंही तसंच, असं सांगून त्यांनी मला पार वेडं केलं. आधी 'गोष्ठ' म्हणजे गाई बांधायची जागा, मग माणसांची बैठक, मग तिथलं बोलणं!

आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या आमच्या वाडीत गावकी, म्हणजे तंटे सोडवणारी गावची बैठक, गोठ्यापुढच्या अंगणातच भरायची. भाषा शिकायच्या तर पुण्याच्या कॉलेजात, हे मी त्याच तासाला ठरवून टाकलं.

काकांनी मात्र माझ्यासाठी मुंबईत गिरणीतली कारकुनी बघून ठेवली होती. वडील गेल्यापासून घरात शब्द त्यांचा. मॅट्रिक झाल्यावर मी ऐकेना, तेव्हा त्यांनी मुंबईहून येऊन सरळ गावकीपुढे तंट्याची सुपारी ठेवली. ठेवणाऱ्याने ती स्वतः उचलेपर्यंत विषय मिटत नसे, आणि गावकीचा शब्द मोडला तर तुमच्या दारात कुणी पाऊल टाकत नसे.

"कालेजात शिकनार काय तू?" मानकऱ्यांनी विचारलं.

मी घाबरलो होतो, पण तोंड उघडलं आणि थिंग सांगत सुटलो. हातवारे इतके, की बांधलेला बैल बिचकला.

"म्हंजे सायबाची पन गावकी व्हती?" कुणीतरी ओरडलं, आणि एकच हशा उडाला.

काका हसले नाहीत. मुंबईहून रजा काढून गावकीला येणारा माणूस तो. पुढे सरकून म्हणाले, "त्यांच्यात निकाल नाय पटला तर काय करायचे रे?"

"माहीत नाही, काका."

"तुझ्या मास्तरला?"

"त्यांनाही नसावं."

"मग ठाव कुनाला हाय?" काका चिडलेच.

"पुस्तकांत असेल. पुण्याला."

काकांनी हात लांब करून सुपारी उचलली आणि खिशात टाकली. मला तर नाचावंसं वाटलं.

"जा," ते म्हणाले. "पन कळलं की आधी हितं येऊन सांगायचं."