थाळीची दुसरी बाजू

जेवणाच्या सुट्टीत डबा उघडला की मॅडम आधी झाकण टेबलावर ठेवायच्या, बोटाने त्याला एक गिरकी द्यायच्या आणि समोर जो कोणी बसला असेल त्याला विचारायच्या, "काय बदललं?"

आपण काय म्हणणार? "काही नाही."

"काही नाही कसं? फिरलं ना!"

झाकण गोल, फिरवलं काय अन् न फिरवलं काय, दिसणार तसंच. मॅडम मात्र खुशीत येऊन म्हणायच्या, "तसंच राहिलं हे खरं, आणि फिरलं हेही खरं. माझं सगळं गणित एवढंच आहे." मग त्या भाजीकडे वळायच्या. नवीन लागलेला प्राध्यापक घाबरून खुर्ची मागे सरकवायचा. आम्ही जुने लोक निर्लज्जपणे जेवत राहायचो.

आमगावच्या आमच्या कॉलेजात त्या गणित शिकवायच्या आणि मी वनस्पतीशास्त्र. स्टाफरूममध्ये आमच्या खुर्च्या शेजारी होत्या, घरंही एकाच गल्लीत. त्या मूळच्या सौंदडकडच्या, पोवारांच्या घरातल्या, धानाच्या शेतीत वाढलेल्या. हुशारीच्या जोरावर मुंबईच्या एका मोठ्या संशोधन संस्थेत पोचल्या होत्या. तिथे रमल्या असतानाच आई गेली, आणि पाठोपाठ वडिलांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. भाऊ फौजेत. मॅडम सामान बांधून परत आल्या, आमगावला नोकरी धरली आणि वडिलांना जवळ आणलं. याबद्दल त्यांनी कधी एका अक्षराने कुरकुर केली असेल तर शपथ. कुरकुर करायचे ते काकाजी, म्हणजे त्यांचे वडील. जीभ थोडी जड झाली होती, पण बोलण्याची हौस गेली नव्हती. मला एकटीला गाठून म्हणायचे, "पोरगी माह्यापायी अडकली, बाई. मी मरूनही नाई राहिलो."

आता त्यांचं संशोधन काय होतं, हे मी सांगायचं म्हणजे आनंदच आहे. पण इतकी वर्षं ऐकून कानावर पडलंय तेवढं सांगते. गणितात म्हणे असे आकार असतात की ते फळ्यावर काढता येत नाहीत, डोळ्यांसमोरही आणता येत नाहीत. त्यांना स्पेक्ट्रम म्हणतात. पावसाळी उन्हात जसे रंग सुटे होतात, तसे त्यांचे थर सुटे करून बघायचे. प्रत्येक थरात एक मुख्य वस्तू, आणि तिला सतत फिरवणारा, वळवणारा हालचालींचा एक गट. झाकणासारखं, वस्तू फिरते आणि तीच राहते. आणि अशा वस्तूला एक दुसऱ्या बाजूचा जोडीदार असतो, त्याला ड्युअल म्हणतात. मॅडमना सिद्ध करायचं होतं की एका विशिष्ट थरात ती वस्तू आणि तिचा जोडीदार एकच आहेत, आणि गट दोघांनाही सारखंच फिरवतो.

एका वर्षी पेपरात रोज मोबाइल कंपन्यांच्या स्पेक्ट्रमच्या लिलावाच्या बातम्या येत होत्या. आमचे हिंदीचे सर, पक्के गोंदियाचे, रोज विचारायचे, "क्या मॅडम, आपका वाला बिका क्या?" मॅडम गंभीरपणे उत्तर द्यायच्या, "कोई लेता ही नहीं, सर."

काकाजींना यातलं काही कळत नव्हतं आणि त्यांना कळून घ्यायचंही नव्हतं. मॅडम कॉलेजातून घरी आल्या की आधी त्यांना कुशीवर वळवायच्या, पाठ पुसायच्या, पावडर लावायच्या. पाठीवर जखम होऊ नये म्हणून हे दिवसातून कितीदा तरी चालायचं. तेवढ्यात काकाजी विचारायचे, "किती राहिलं?" जणू धानाची रोवणीच चालू आहे.

"एक बांधी राहिली, बाबा."

ती एक बांधी, म्हणजे धानाचा तेवढा एक तुकडा, वर्षानुवर्षं रोवायची राहिली होती. मी एकदा चिडून म्हटलंसुद्धा, "मॅडम, एवढ्यात चिचगडच्या जंगलात सागवान वाढलं असतं!"

आणि एके दिवशी झालं. लेख लिहून झाला, बाहेरच्या मासिकाने तो छापायला घेतला, आणि त्याच्या जोरावर मुंबईच्या संस्थेने मॅडमना परत बोलावलं. वडिलांना सोबत घेऊन या, राहायला घर देतो, असंही कळवलं. काकाजींनी सगळ्या गल्लीला ऐकवलं, "माही पोरगी मुंबईले जाऊन राहिली!" दूधवाल्याला तर दोनदा ऐकवलं.

आमच्या प्राचार्यांना सत्काराचं भारी वेड. त्यांनी ताबडतोब सभागृह सजवलं. शाल, नारळ, ओवाळायला थाळी, सगळं आलं. काकाजींना चाकाच्या खुर्चीवरून आणून पहिल्या रांगेत बसवलं. नवं धोतर, डोक्यावर टोपी, चेहरा अर्धाच हसायचा पण त्या दिवशी अर्ध्यात मावत नव्हता. प्राचार्यांची एकच अट होती: मॅडमनी आपला शोध पोरांना कळेल असा सांगायचा.

मॅडम उठल्या. ओवाळणीच्या थाळीतलं निरांजन, सुपारी, कुंकवाची वाटी एकेक करून त्यांनी प्राचार्यांच्या हातात दिलं. प्राचार्य दोन्ही हात भरून पुतळ्यासारखे उभे. मॅडमनी मोकळी थाळी तोंडासमोर उभी धरली आणि चाकासारखी फिरवली.

"कोणत्या बाजूला फिरली?"

"डावीकडं!" पोरं ओरडली.

"मी तर उजवीकडे फिरवली." थाळी खाली घेऊन त्या थांबल्या. "थाळी तीच, फिरवणंही तेच. तुम्ही त्या बाजूला, मी या बाजूला. काल घरी याचीच तयारी करत होते. बाबांना विचारलं, त्यांनीही डावीकडे सांगितलं. मी हसले, आणि मग माझ्या लक्षात आलं." त्यांनी एकदा काकाजींकडे पाहिलं. "माझ्या लेखात मी दुसऱ्या बाजूची वस्तू तीच आहे हे बरोबर दाखवलं आहे. पण ती तिकडून फिरते कशी, हे बघायला मी त्या बाजूला गेलेच नाही. एका ओळीत नुसतं धरून चालले. ती ओळ चुकली आहे. म्हणून लेख चुकला आहे. मी आज सकाळीच मासिकाला आणि मुंबईला कळवलं. तेव्हा हा सत्कार मला घेता येणार नाही."

 प्राचार्यांच्या हातातलं निरांजन फडफडत होतं.

"अहो मॅडम," ते कसेबसे म्हणाले, "इथं कोणाला कळते?"

"मला कळते ना, सर."

"पण शाल आणली आहे!"

"ती बाबांना द्या. थाळी त्यांनी बघितली."

खरं सांगते, मला इतका राग आला होता की मी स्टाफरूममध्ये त्यांना फाडून खाल्लं. "डबा उघडला की आम्हाला विचारता, काय बदललं, काय बदललं! आणि स्वतः तेवढंच बघायचं विसरलात? बरं विसरलात तर विसरलात, आधी मुंबईला जायचं, मग सावकाश सांगायचं होतं! त्या म्हाताऱ्याचा चेहरा पाहिलात का?"  मॅडम डब्याचं झाकण लावायला गेल्या आणि ते त्यांच्याच्याने लागेना. मग मीच लावून दिलं आणि मीच रडले.

बोलावणं अर्थातच थांबलं. लेख दुरुस्त झाला तर पुन्हा बघू, असं तिकडून आलं.

सत्काराच्या दिवशी संध्याकाळी मी त्यांच्याकडे गेले होते. एकटीला सोडवेना. काकाजी नवी शाल पांघरून पडले होते. मॅडमनी त्यांना कुशीवर घेतलं, पाठ पुसली.  मग काकाजींनी रोजचं विचारलं, "किती राहिलं?"

"सगळंच राहिलं, बाबा. पुन्हा पहिल्यापासून."

भिंतीकडे तोंड करून पडलेला तो माणूस म्हणाला, "मंग कर ना. मी कोठी जाऊन राहिलो?"

आणि खरोखर ते कुठे गेले नाहीत. चार डॉक्टरांनी चार वेळा आशा सोडली, पण म्हातारा हटला नाही. मॅडमही पुन्हा कामाला बसल्या. आता त्यांचा प्रश्न बदलला होता. दोन्ही बाजूंची फिरण्याची तऱ्हा वेगळी, तर नेमकी किती वेगळी? मधे पीळ कितीचा? "आधी मला वाटायचं, पीळ नाही हे दाखवायचं," मला म्हणाल्या, "आता वाटते, पीळ आहे तीच मजा आहे." पूर्ण गटासाठी त्यांना ते जमलं नाही. एका छोट्याशा गटासाठी जमलं. मोठं मैदान मारलं नाही, असं त्याच सांगत. पण या वेळी त्यांनी दोन्ही बाजूंनी जाऊन बघितलं होतं, आणि मुंबईच्या लोकांनीही.

पुन्हा बोलावणं आलं तोवर भाऊ फौजेतून निवृत्त होऊन सौंदडला आला होता. भावजय गुणाची. काकाजींना आता मुंबईचा प्रवास झेपणारा नव्हता, पण भाऊ-भावजय त्यांना सांभाळायला तयार होती. मॅडम म्हणाल्या, मी जात नाही. काकाजींनी जेवण सोडलं. सरळ तोंड मिटून घेतलं, चमचा आत जाऊ देईनात. बाप कोणाचा, हट्ट कोणाचा! दुसऱ्या दिवशी मॅडमनी तिकीट काढलं.

गोंदिया स्टेशनवर आम्ही काकाजींना खुर्चीसकट फलाटावर नेलं. भाऊ सामान चढवत होता, मी खुर्ची धरून उभी. मॅडम वाकून पाया पडल्या. काकाजींनी चांगला हात त्यांच्या डोक्यावर ठेवला आणि लगेच उचलून घेतला. "जाय, जाय. गाडी सुटन." मॅडम डब्यात जाऊन खिडकीशी बसल्या. गाडी हलली. ती ज्या बाजूला निघाली, त्या बाजूला काकाजींची मान वळत नव्हती. खुर्ची फिरवावी तर गर्दीत चाक अडकलं.

"गेली का?" त्यांनी समोरच्या खांबाकडे बघत विचारलं.

"निघाली, काकाजी."

"पलटून पाहून राहिली का?"

मी पाहिलं. 'हो, हात हलवून राहिली' हे शब्द अगदी ओठांवर आले होते. पण ज्या बाईने भरल्या सभेत शाल नाकारली, तिच्या बापाशी मी खोटं बोलणार होते थोडीच!

"नाही," मी म्हटलं. "पिशवीतून कागद काढले आहेत. मान खाली घालून लिहीत बसली."

काकाजींचा तो अर्धा चेहरा हळूहळू उजळला. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, ते पुसायला त्यांनी हातही वर नेला नाही.

"मंग लागली कामाले," ते म्हणाले. "चाल बाई, घरी चाल."