पायरी की फोर बाय फोर

गाडी घ्यायची हे ठरायला एक संध्याकाळ पुरली. कोणती घ्यायची यात अख्खा पावसाळा गेला.

माझी समजूत होती की एकदा मॉडेल ठरलं की फक्त रंग सांगायचा. पण हल्ली गाडी कोणी विकतच नाही, व्हेरियंट विकतात. खालचं, मधलं आणि वरचं. मग पेट्रोल की डिझेल, हाताचा गिअर की ऑटोमॅटिक, आणि एवढं करून दम लागला की समोर पॅक येतात. एकात पाहिजे ते असतं आणि त्याच्यासोबत नको ते गळ्यात बांधलेलं असतं. आपल्याला पाहिजे ते दुसरं काही मागितलं की शोरूममधला मुलगा गोड हसून सांगतो, "सर, ते दुसऱ्या पॅकमध्ये आहे."

आम्ही उलव्यात राहतो. मूळचे इथलेच, पण आता टॉवरमध्ये. आमच्या लोकांना उंच गाडीचं वेड का, हे मला कोणी विचारू नये. ज्याच्या अंगणात पूर्वी होडी असायची त्याच्या पार्किंगमध्ये आता पांढरी, उंच, रागावल्यासारखी दिसणारी गाडी असते. बरं, चढवायची कुठे? एक डोंगर होता, तोही विमानतळासाठी कापला. माझी बायको साताऱ्याकडची आहे. ती म्हणाली, "चिखलात जायला एवढी महाग गाडी? आमच्याकडे ट्रॅक्टर जातो." सानपाड्याच्या मेव्हण्याने फोन करून कळवलं की काहीही घ्या, पण छत उघडणारं घ्या, वरातीत नवरदेव उभा राहिला पाहिजे. आमच्या घरात लग्नाचं कोणी नाही. मेव्हण्याच्या घरात आहे.

या सगळ्यांना माझं एकच उत्तर तयार होतं: आई.

आईने उभं आयुष्य मासळी विकली. आता टोपली सुटली आहे आणि ती आमच्याकडे असते. तिचं माहेर खाडीच्या पलीकडचा एक लहानसा कोळीवाडा. डांबरी रस्ता येतो तो देवीच्या देवळापाशी संपतो आणि पुढे खाजणातून, म्हणजे खाडीचं पाणी शिरणाऱ्या दलदलीतून, मातीचा बांध जातो, तो थेट पाड्यावर. दोन्ही बाजूंना पाणी, मध्ये एक गाडी जेमतेम मावेल एवढी वाट. तिथे मामा राहतो. आईच्या पाठच्या भावंडांत आता तो एकटाच उरला आहे. तो आमच्याकडे एकदा आला होता, पण लिफ्टमध्ये घामाघूम झाला आणि वर आल्यावर गॅलरीकडे पाठ करून बसला. त्यानंतर म्हणाला, "ताय, तूच ये." तो पुन्हा फिरकला नाही.

आई जायची, एकटीच. पण दोन पावसाळ्यांपूर्वी मामाचा मुलगा तिला मोटरसायकलवर बसवून बांधावरून नेत होता. चाक घसरलं आणि दोघं खाजणात. हाड मोडलं नाही एवढंच नशीब. गुडघ्याने मात्र डूख धरला. सपाटीवर ती चांगली चालते, रोज सकाळी देवळात जाऊन येते, पण एक पायरी उंच असली की चेहरा बदलतो. मी तेव्हाच फर्मान काढलं की आमची जुनी छोटी गाडी त्या बांधावर चालणार नाही, दारापर्यंत जाणारी गाडी येईल तेव्हाच माहेरी जायचं. आई काही बोलली नाही. आमची आई आणि काही बोलत नाही, हे खरं तर लक्षात घेण्यासारखं होतं.

तेव्हापासून भाऊ-बहीण फोनवर भेटत होते. आईचा फोनवर विश्वास नाही, म्हणून ती खाडीपार ऐकू जाईल अशा आवाजात बोलते. काय खाल्लं, जाळ्यात काय आलं, सुनेचं कसं चाललंय. ठेवताना दरवेळी म्हणायची, "येतंय, येतंय." त्यामुळे गाडी ही माझी हौस नव्हती, निदान फक्त हौस नव्हती, असं मी स्वतःला सांगत होतो.

शोरूममध्ये पहिल्या खेपेला आम्ही दोघं गेलो आणि तासाभरात सगळं ठरवून आलो. फोर बाय फोर, म्हणजे चारही चाकांना ताकद, आणि त्यावर अ‍ॅडव्हेंचर पॅक. मोठे टायर, खाली लोखंडी पत्रा आणि दाराखाली जाड पाइप, म्हणजे दगडाला घासली तरी गाडीला ओरखडा नाही. बांध काय, समुद्र ओलांडेल असं वाटत होतं. बुकिंग मात्र दुसऱ्या खेपेला करायचं होतं, कारण आमच्याकडे मोठी वस्तू आईच्या हाताने घेतात. तिने नारळ ठेवल्याशिवाय आमच्या घरात फ्रीजसुद्धा आलेला नाही.

आई नऊवारी नेसून, केसांत फूल माळून आली. आधी तिने शोरूममधली काचेची पेटी पाहिली, ज्यात रंगीत मासे फिरत होते. "यांना कोन खात नाय ना?" तिने विचारलं. मुलगा म्हणाला, "नाही, माँजी, शोसाठी आहेत." आईला त्यांची दया आली असावी.

मग ती गाडीपाशी आली. मी दार उघडलं. तिने वरच्या हँडलला हात घातला, पाय उचलला, आणि पाय पोचला नाही. त्या जाड पाइपवर तिने टाच टेकवून पाहिली, पण पाइप गोल, टाच घसरली. मुलाने मदतीला हात पुढे केला. मी म्हणालो, "थांब, मी उचलतो." आईने एकदा माझ्याकडे पाहिलं, एकदा हॉलमधल्या चारचौघांकडे पाहिलं, आणि पदर सारखा करून मागे सरकली.

"तुमी घ्या. चांगली हाय. मी घरीच असतंय."

मी त्या मुलाला विचारलं, याला पायरी नाही का? आहे ना, तो म्हणाला. दार उघडलं की आपोआप खाली येणारी पायरी. पण ती कम्फर्ट पॅकमध्ये. आणि या व्हेरियंटमध्ये कम्फर्ट पॅक फक्त फोर बाय टूलाच, म्हणजे दोनच चाकांना ताकद, म्हणजे... तो थांबला, कारण एवढं बोलल्यावर माझं तोंड त्याला दिसलं असणार. थोडक्यात, ज्या गाडीत आई चढू शकत होती ती मामाच्या दारात जाणार नव्हती आणि जी मामाच्या दारात जात होती तीत आई चढू शकत नव्हती.

पायरीवाली गाडी बाजूलाच होती. आईने दार उघडलं, पायरी अदबीने बाहेर आली, आई एक पाय, दुसरा पाय करत वर गेली आणि पुढच्या सीटवर बसली. कोणाचा हात नाही, कोणाचा आधार नाही. तेवढ्यात मुलाने कौतुकाने सीटची हवा सुरू केली. आई ताडकन पुढे सरकली. "खालून कोन फुकतंय रे?" हवा बंद केल्यावर ती पुन्हा टेकून बसली आणि बराच वेळ उतरलीच नाही. मी नारळ तसाच पिशवीत घालून घरी आणला.

पुढचे काही आठवडे मी माणसात नव्हतो. कळंबोलीला माझा एक शाळेतला मित्र आहे, ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो. त्याला विचारलं, फोर बाय फोर घेतो, तू बाहेरून पायरी बसवून दे. तो म्हणाला, "देतो की. पण ती लोंबणार. तुझ्या त्या बांधावर चाकोरीत गाडी खाली बसली की पहिली तीच घासणार. म्हणून तर कंपनी असली लोंबती पायरी देत नाय." बायकोने सुचवलं, एक प्लॅस्टिकचं स्टूल डिकीत ठेवू. हे आईच्या कानावर गेलं. "मी काय नवरी हाय, पाटावर पाय ठेवून चढाला?" स्टूल बाद झालं. वरचं व्हेरियंट घेतलं तर दोन्ही मिळत होतं, पण ते आमच्या ऐपतीत नव्हतं, आणि तिथे रखडत बसण्यात अर्थ नव्हता.

सोसायटीत तर मी चेष्टेचा विषय झालो. खाली उतरलो की कोणीतरी विचारायचं, "काय, पायरी की फोर बाय फोर?" मीही हसायचो. आत मात्र एक गोष्ट टोचत होती. आई नाही जाऊ शकली आणि मामाला काही झालं, तर मी त्या अ‍ॅडव्हेंचर पॅकचं काय करणार होतो? आणि आई गाडीतच बसू शकली नाही, तर ती गाडी कोणासाठी?

शेवटी मी पायरी घेतली. त्या गाडीच्या अंगात जोर नाही हे माहीत असून घेतली. मनाशी म्हटलं, निदान आई रुबाबात बसेल. देवीला जाईल, लग्नांना जाईल. मामाची सोयही मी लावली. त्याला फोन करून सांगितलं, तू बांधावरून देवळापर्यंत चालत ये, आम्ही डांबरी रस्त्यावर गाडी लावू, तुम्ही दोघं आत बसून पोटभर बोला, थर्मासमध्ये चहा आणतो. मामा "बरा" म्हणाला. मला ही कल्पना फारच छान वाटली होती.

दसऱ्याला गाडी आली. आईने नारळ फोडला, चारही चाकांखाली लिंबं ठेवली, आणि पहिली फेरी कुठे असं विचारल्यावर क्षणभरही न थांबता म्हणाली, "मायेरा."

रस्ताभर ती खूश होती. उंचावरून तिला सगळं दिसत होतं. ही खाडी, ते मिठागर, इथे आमची होडी लागायची, तिथे तुझा बाप मला पहिल्यांदा दिसला. बायको मागून विचारत होती आणि आई सांगत होती. मी गाडी चालवत होतो आणि फार बरं वाटत होतं.

देवळापाशी डांबर संपलं. मी झाडाखाली गाडी लावली आणि मामाला फोन लावायला घेतला. इतक्यात माझ्या शेजारच्या सीटचं दार उघडल्याचा आवाज आला. पायरी बाहेर आली आणि आई एकेक पाय टेकत उतरली. डोक्यावरून पदर घेतला, देवीसमोर वाकली, आणि वळून सरळ बांधावरून चालू लागली.

"आई, कुठे निघालीस?"

"कुठं म्हंजे? मायेरा."

मी थर्मास घेऊन धावत तिला गाठलं. म्हणालो, अगं, गाडी पुढे जात नाही, म्हणून तर मामाला इथे बोलावलंय. तू बस आत.

"गारी कशाला येल?" ती थांबून म्हणाली. "इथं देवीजवल उतराचा, पाया पराचा, नि पायानं जायाचा. लेक मायेराला पायानंच जाते. माजी आयस तशीच गेली, मी तशीच गेले. त्या दिसी पोराच्या फटफटीवर बसले नि देवीसमोरनं तशीच गेले, म्हनून तर परले."

बांध वाळून टणक झाला होता. सपाट, स्वच्छ. तिच्या सकाळच्या देवळाच्या वाटेपेक्षा लांब नव्हता. माझ्या जुन्या छोट्या गाडीनेसुद्धा मी तिला इथवर कधीही आणू शकलो असतो.

"मग दोन वर्षं बोलली का नाहीस?"

आईने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, उलट जरा समजूत काढल्यासारखं.

"तू बोललास, मोठी गारी घेतल्यावर नेतंय. मना वाटला, पोराला गारीची हौस हाय, आयसच्या नावावर घेतोय. घेऊ दे. म्हनून थांबले."

बायको मागून आली होती, तिनेही ऐकलं. तिने नेहमीसारखी चेष्टा केली नाही, फक्त माझ्या हातातला थर्मास घेतला.

समोरून बांधावर मामा येताना दिसला. लुंगी वर खोचलेली, चाल पूर्वीपेक्षा हळू झालेली. आईने पावलं उचलली. दोघं मध्यावर भेटली. गळ्यात पडणं वगैरे आमच्याकडे नसतं. मामाने तिच्या हातातली पिशवी घेतली. आईने त्याच्या दंडाला धरून त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"सुकलास रे," ती म्हणाली.

"लय दिस लावलंस, ताय," मामा म्हणाला.

"येत व्हते," आई म्हणाली. "पोराची गारी यायची व्हती."

मग ती दोघं पाड्याच्या दिशेने चालू लागली. मामा आजच्या जाळ्याचं सांगत होता आणि आई, समोर असूनही, फोनवर बोलायची तेवढ्याच मोठ्या आवाजात त्याला उत्तरं देत होती.