तळाशी कोरलेलं नाव

मधूची मुलगी नेहा हिचा अबुधाबीहून फोन आला, तेव्हा मी शारजात, आमच्या जुन्या प्रेसमध्येच होतो. "काका, बाबा इज नो मोअर," ती म्हणाली. हार्ट अटॅक. तीन आठवडे झाले, एका जागी बसवत नाही. चहा करतो, तो ओट्यावरच राहतो. लोकांना सांगतो, सात वर्षं बरोबर काम केलं, जिवलग होतो... कुठल्या तोंडाने सांगतो कोण जाणे.

मधू प्रेसच्या कॅमेरा खात्यात होता. दुसऱ्यांच्या चित्रांच्या फिल्म काढायच्या, त्यावरून प्लेट बनवायची. मायदेशी निघालेल्या एका जर्मन बाईकडून त्याने एक जुनं छापील चित्र घेतलं होतं. येशू हात उंचावून आशीर्वाद देतोय. मूळ चित्र एका इटालियन चित्रकाराचं, त्यावरून दुसऱ्याच कुणीतरी चारशे वर्षांपूर्वी तांब्याच्या पत्र्यावर रेघ न् रेघ कोरून छापलेलं. मधू भिंग हातात देऊन पिडायचा. "झग्याच्या चुण्या बघ, साल्या! चित्र दुसऱ्याचं, पण मेहनत याची. आणि हे तळाला एवढंसं नाव."

एका चर्चच्या स्मरणिकेच्या कव्हरसाठी त्याने ते हौसेने दिलं. प्रोडक्शन मी बघायचो. फिल्म पाहिली आणि डोकंच फिरलं, येशूचा डावा हात वर! आपल्याकडे डाव्या हाताने कुणी प्रसादही देत नाही. तांब्यावर कोरलेलं चित्र कागदावर उलटं, उजव्याचं डावं उमटतं, हे मला ठाऊक नव्हतं आणि मधू नेमका सुट्टीवर. मी फिल्म पालथी करायला लावली. मग नावाची अक्षरं उलटी दिसू लागली, म्हणून तेवढी पट्टी कापली. यल्ला, खलास.

तो परतला तो कव्हर घेऊनच माझ्यासमोर उभा राहिला. "हात फिरवलास, ठीक आहे. नाव का कापलंस रे?"

"कोण वाचणार होतं ते? कस्टमर हॅपी आहे ना?"

"मी वाचायचो," तो म्हणाला.

भांडला असता तर बरं झालं असतं. वर्षभरात तो अबुधाबीला गेला. ईदच्या सुट्टीत जेवायला यायचा, हसायचा. दर वेळी मी माफी मागायचं ठरवायचो आणि क्रिकेटवर बोलत बसायचो.

काल नेहाने विचारलं, "काका, एनीथिंग विथ हिज नेम ऑन इट? आय वाँट टू कीप इट." मी कपाटातली सगळी जुनी कामं उपसली. कॅलेंडरं, कॅटलॉग, सगळ्यांच्या प्लेट त्याच्या हातच्या, नाव कुठेच नाही. शेवटी ती स्मरणिका उघडली. मागच्या पानावर छापणाऱ्यांचे आभार आहेत. मालक, मी, मशीनवरचा बशीर... मधू नाही. ती यादी मीच लिहून दिली होती.