आवाज आधी, चित्र नंतर

माझी सगळी नोकरी प्रकाशाची वाहतूक लावण्यात गेली. काचेच्या बारीक तंतूतून माहितीची छोटी छोटी पाकिटं प्रकाशाच्या रूपात धावतात. दोन पाकिटं एकाच वेळी एकाच फाट्यावर आली की पंचाईत होते. विजेचा संदेश क्षणभर मेमरीत ठेवता येतो; प्रकाशाला ‘थांब जरा’ म्हणता येत नाही. फार तर तंतूच्या वेटोळ्यातून फिरवून आणायचा, नाहीतर एका पाकिटावर पाणी सोडायचं. कोणत्या, हा माझा विषय. प्रबंधात मी ठासून लिहिलं होतं की आवाज पहिल्या वर्गात आणि चित्र खालच्या. बोलणं तुटलं तर माणसं तुटतात. चित्र जरा अडखळलं तर काय बिघडतं? इथे नाशिकच्या कॉलेजात मुलांना तेच शिकवलं, कुणी वाद घातला तर त्याला फैलावर घेतलं. प्रबंध धूळ खात पडलाय, पण नियम बहुतेक ठिकाणी तोच आहे आणि तो बरोबरच आहे.

निवृत्तीनंतर माझे कान गेले. मशीन लावलं की नुसता कालवा ऐकू येतो, शब्द नाही. बायको त्याआधीच गेली होती. गंगापूर रोडवरच्या फ्लॅटमध्ये एकटा बसून मी बातम्या देणाऱ्यांचे ओठ वाचायला शिकलो. पण खरे वाचता येतात ते आक्काचेच.

आक्का माझी थोरली बहीण, देवळ्याला असते, अहिराणीच बोलते. मला कडेवर घेऊन वाढवण्यात तिची शाळा राहिली ती राहिलीच, म्हणून तिला लिहिता येत नाही. तिची सून मेसेज करते, “मामा, कांदा काढून झाला. आई बऱ्या आहेत.” यात आक्का कुठे आहे? आक्का बोलताना चिडते, मध्येच पदर तोंडाला लावून हसते, मग मला दोन वाक्यं गाळून पुढे जावं लागतं. रविवारी दुपारचा तो व्हिडिओ कॉल म्हणजे माझं आठवडाभराचं बोलणं.

हल्ली त्यात चित्र गोठायला लागलं. भाच्याने वैतागून लिहिलं, “मामा, तुम्हाला ऐकू येत नाही, आता दिसतही नाही. कॉल बंद करू, मेसेज करत जाऊ.” मी भडकलो. खरं सांगायचं तर घाबरलो.

पुढच्या रविवारी कॉल लागला, आक्काने तोंड उघडलं आणि ती तशीच थिजली. तेवढ्यात शेजारच्या बाई वाटी परत द्यायला आल्या. त्या सावकाश बोलतात, म्हणून त्यांचं मला थोडंफार कळतं. मी फोन त्यांच्या हातात दिला.

“आवाज स्वच्छ येतोय, काका,” त्या म्हणाल्या.

“काय म्हणतेय?”

“एकच विचारतायत. थांबतात, परत तेच. ‘मी दिसस का रे, भाऊ?’”

पडद्यावर आक्काचं तोंड अर्धवट उघडं होतं. मी फोन तोंडाजवळ नेऊन ओरडलो, “दिसस, आक्का! चांगली दिसस!”

बाईंनी मान डोलावून पडद्याकडे खूण केली. आक्का बोलायला लागली होती.

मग बाई गेल्या, आणि मी त्या न हलणाऱ्या तोंडाकडे बघत बराच वेळ ‘हो, हो’ म्हणत राहिलो.