तुळईचा खुळखुळा

आज उर्वीनं खुळखुळा पहिल्यांदा तोंडात घातला. महादेवाला बेल वाहिला आणि लगेच वही उघडली, कारण रेवणप्पाभावजींबद्दल लिहिल्याशिवाय आज राहवणार नाही.

भावजी माझे धाकटे दीर. लातुरात शिकवणीला येणाऱ्या पोरांच्या वसतिगृहांसाठी पलंग-टेबलं करतात. भूकंपात गावाकडचं घर बसलं, तेव्हा एक सागवानी तुळई तिरपी अडकली आणि तिच्याखालच्या सांदीत भावजी वाचले. ती तुळई त्यांनी इथं आणून दुकानात उभी केली. इतक्या वर्षांत कुणाला तिच्यावर करवत चालवू दिली नाही. लेक ऋतुजा बाळंतपणाला आली, नात उर्वी झाली, तेव्हा स्वतःच तिचं टोक कापलं. धूर खाल्लेलं वरचं लाकूड काढून टाकलं आणि आतल्या गाभ्याचा खुळखुळा कातला.

दुकानात व्हार्निशचे डबे रांगेनं उभे. भावजींनी मात्र घाण्याचं करडईचं तेल चोळलं. बारसं आलं तरी ते चिकटच.

रेणापूरहून विहीणबाई साखराबाई आल्या. पाळण्यावर एकही खेळणं टांगलेलं नाही हे बघून म्हणाल्या, "लातूरभर पलंग करणाऱ्या आजोबाला नातीसाठी एक खेळणं जमलं न्हाई व्हय?"

बायका हसल्या. ऋतुजाचा चेहरा उतरला. "अप्पा, व्हार्निश मारा की. लगेच वाळतंय. ती आत्ताच कुठं तोंडात घालायली?"

"दात सळसळले की हेच चावंल. लाकडात मुरलेलं मग मागं काढता येतंय का?"

"मग तेल चोळून पैलवानच करा त्याला!" साखराबाई म्हणाल्या. भावजीही हसले, पण खुळखुळा दिला नाही.

निदान कुंकू तरी लावावं म्हणून मी करंडा घेऊन दुकानात गेले. बोट टेकणार तोच भावजींनी हात आडवा धरला.

"वहिनी, रागावू नका. आताच्या कुंकवात कसला रंग असतोय कुणाला ठाऊक? पोरीच्या पोटात जाईल."

शुभकार्यात माझं कुंकवाचं बोट कुणी कधी अडवलं नव्हतं. मी तशीच उभी राहिले. मग ते बोट उरलेल्या तुळईला टेकवलं. भावजींनी तिला हात जोडले.

खुळखुळा खिडकीत टांगलेला राहिला. भावजी रोज तो पुसायचे, नाकाशी धरायचे, "अजून वास हाय," म्हणून परत टांगायचे. इकडे उर्वी मुठी चोखायला लागली.

आज वास गेला. भावजींनी खुळखुळा कोमट पाण्यात बुडवून आपल्या पांढऱ्या धोतरावर घासला. डाग उमटला नाही. मग तो स्वतःच्याच तोंडात धरून बसले.

नातीला बघायला आलेल्या साखराबाई व्याह्यांना म्हणाल्या, "इवाई, तुम्हाला पण दात यायलेत काय?"

बराच वेळ जिभेवर घोळवून, मग धुऊन, भावजींनी तो नातीच्या मुठीत दिला.

नैवेद्य आधी चाखायचा नाही, हे मी जन्मभर पाळत आले. आज चाखून दिलेला पाहिला आणि हात आपोआप जोडले गेले. ज्या लाकडानं आजोबावर कोसळणारं घर तोलून धरलं, ते उर्वी हिरडीखाली धरून कुरतडत होती. साखराबाईंनी पदरानं तिची लाळ पुसली, आणि हळूच आपल्या कपाळाला लावली.